कर्नल नेमका पुरलाय कुठे

लडलो अ‍ॅव्हरिल पहिल्यांदा आला तेव्हा अर्डेलिया मंगिनच्या हातात केस सरळ करायचा तापलेला कंगवा होता आणि खुर्चीत पाद्रीणबाई बसल्या होत्या. दारावरची घंटी वाजली आणि बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. काळ्या बायकांचे केस करायच्या अर्डेलियाच्या दुकानात गोरा माणूस आलाच तर विजेचं मीटर बघायला, नाहीतर विम्याचा हप्ता मागायला. हा त्यातला नव्हता. गावातल्या औषधाच्या दुकानाचा हा जुना मालक. सत्तरीचा, उंच, खांद्यात वाकलेला. हॅट काढून हातात धरलेली.

“अर्डेलिया,” तो म्हणाला, “तुझ्याशी जरा बोलायचं होतं.”

“मिसेस मंगिन,” अर्डेलिया हात न थांबवता म्हणाली. गोरे लोक काळ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत, ते ती चालू द्यायची नाही.

बाकावरची एक मुद्दाम खोकली. लडलोचे कान लाल झाले. “मिसेस मंगिन. चुकलं माझं. मी आमच्या घराण्याचा इतिहास लिहितोय. थेट कर्नल जोनासपासून.”

“मग चर्चच्या आवारात जा की. एवढा मोठा संगमरवर उभा केलाय तुम्ही त्याचा.”

“तिथं जाऊन झालं.” त्याने हॅट या हातातून त्या हातात घेतली. “तुमच्या घरात फार पूर्वी बायना नावाची कुणी होती का?”

कंगवा थांबला. क्षणभरच, पण तेवढ्यात केसांचा जळका वास सुटला आणि पाद्रीणबाई किंचाळल्या, “अगं बाई, माझं डोकं!”

“आमच्यात कुणी बायना नव्हती,” अर्डेलिया म्हणाली. “दार ओढून घ्या जाताना. माश्या येतात.”

तो गेला. बायकांनी मग त्याच्या चालीची, पँटच्या पट्ट्यांची यथेच्छ टर उडवली. अर्डेलिया हसली नाही. ती उगाच डब्या आवरत राहिली.

मागच्या खोलीत तिची आई हेस्टर अंथरुणाला खिळून होती. ब्याऐंशी वर्षांची, डोळे गेलेले, पण कान मात्र शाबूत.

“अ‍ॅव्हरिल होता ना?” आईने विचारलं. “नाकातून बोलतात मेले सगळे. काय हवंय त्याला?”

“बायनाचं नाव घेतलं त्यानं, मा.”

“म्हणून दाखव,” म्हातारी म्हणाली.

अर्डेलिया अठ्ठावन्न वर्षांची होती. अठराव्या वर्षी ती दक्षिण कॅरोलायनाचा हा किनारा सोडून न्यूयॉर्कला पळाली होती, तिथं केसांचं काम शिकली, लग्न केलं, मुलगी झाली, नवरा आर्थर गोदीत क्रेनखाली सापडून गेला, आणि मग आईच्या ओढीने ती परत आली. एवढं जग बघूनही आईने ‘म्हणून दाखव’ म्हटलं की ती शाळेतल्या पोरीसारखी ताठ व्हायची.

“बायना,” ती म्हणाली. “बायनाची जूनो. जूनोची सिबी. सिबीचा प्रिन्स. प्रिन्सची हेगर. हेगरची लुसिंडा. लुसिंडाची हेस्टर. हेस्टरची मी.”

“आणि जूनोचा बाप?”

“कर्नल.”

“कर्नल कुठाय?”

“आपल्यात. हॅरो पॉइंटवर. शिंपल्यांच्या खाली, विटांच्या पेटीत.”

“हे कुणाला सांगायचं?”

“कुणाला नाही.”

“का नाही?”

“त्यांना कळलं तर ते त्याच्यासाठी येतील, कुंपण घालतील आणि आपल्याला बाहेर काढतील.”

“हं,” म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

हॅरो पॉइंट म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथं खाजणात घुसलेली जमिनीची जीभ. इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं तेव्हा जोनास अ‍ॅव्हरिलचा भाताचा आणि निळीचा मळा त्या जमिनीवर होता. मळा केव्हाच गेला. उरलं ते ओक वृक्षांखालचं दफनाचं रान. त्यात अर्डेलियाच्या माणसांच्या, म्हणजे मळ्यावरच्या गुलामांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या, कबरी होत्या. त्यांवर नावं नव्हती. शिंपले, फुटके कप, निळ्या बाटल्या, एखादं थांबलेलं घड्याळ. ज्याचं जे, ते त्याच्यापाशी. जमीन कागदावर अ‍ॅव्हरिलांची होती, पण मयत घेऊन आलेल्यांना त्यांनी कधी अडवलं नव्हतं.

ते एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. त्या वसंतात जमिनीचा एक वारस प्रेस्टन अ‍ॅव्हरिल, म्हणजे लडलोचा चुलतभाऊ, याने हॅरो पॉइंट गोल्फचं मैदान करणाऱ्या एका कंपनीला विकायचं ठरवलं. रस्त्यावर लोखंडी फाटक आलं. फाटकाला कुलूप आलं. आणि कुलपापाशी डब हुटो नावाचा राखणदार बंदूक घेऊन बसला. पॉइंटवर कबरी वगैरे काही नाहीत, दोनचार गुरं पुरलेली असतील, असं विचारणाऱ्यांना प्रेस्टनने छापील उत्तर दिलं.

अर्डेलिया शहरातल्या वकिलाकडे गेली. तो म्हणाला, “कबरी तुमच्या माणसांच्या आहेत हे दाखवलं तर कोर्ट तुम्हाला जाऊ देईल. पण दाखवायचं कसं? एकाही दगडावर नाव नाही. वेळ लागेल, मिसेस मंगिन. वर्ष, दोन वर्षं.”

आईकडे दोन वर्षं नव्हती. डॉक्टर महिन्यांच्या गोष्टी करत होता.

जूनमध्ये लडलो पुन्हा आला. या वेळी दुकान बंद झाल्यावर, मागच्या दाराने. अर्डेलिया पडवीत भेंड्या चिरत बसली होती. तिने त्याला बस म्हटलं नाही. तो पायरीवर टेकला, तिच्यापेक्षा खाली.

“माझी आजी शेवटी भ्रमिष्ट झाली होती,” तो म्हणाला. “रात्रंदिवस एकच ओरडायची. बायनाच्या पोरांना आत घेऊ नका. मी दहा वर्षांचा होतो. बायना कोण विचारलं तर वडिलांनी मुस्काटात दिली. माझ्या वडिलांनी तोवर कधी हात उचलला नव्हता.”

अर्डेलिया भेंड्या चिरत राहिली.

“तुम्हाला आणखी एक सांगतो. हे मी प्रेस्टनलाही सांगितलेलं नाही. मोठं वादळ झालं तेव्हा चर्चच्या आवारातली माती वाहून गेली होती. कर्नलचा दगड आडवा पडला. वडील चर्चचे कारभारी, दगड परत उभा करायला ते खाली उतरले. खाली काही नव्हतं. ना पेटी, ना हाडं. त्यांनी दगड बसवला आणि तोंड मिटलं. मेले तेव्हा मला सांगून मेले.” त्याने वर बघितलं. “दोनशे वर्षं आम्ही रिकाम्या जागेवर फुलं वाहतोय, मिसेस मंगिन. तो कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं.”

सुरी तिच्या बोटाला लागली. तिने बोट तोंडात धरलं. एक शब्द बोलायची खोटी होती. कर्नल तिथं आहे म्हटल्यावर अ‍ॅव्हरिलांपैकी कुणाची छाती होणार होती त्याच्या अंगावरून गोल्फचे चेंडू मारायची? पण मग तेच अ‍ॅव्हरिल फावडी घेऊन येतील. संगमरवर आणतील. आणि हेगर, प्रिन्स, लुसिंडा, सगळी गवतात पुन्हा गुरं होतील. आतल्या खोलीत आईचा खोकला ऐकू येत होता.

“तुमच्या पुस्तकात बायनाला काय म्हणणार तुम्ही?” तिने विचारलं.

लडलो गडबडला. “म्हणजे... मला वाटतं, त्या दोघांत काहीतरी जिव्हाळा असणार. पत्नी तर बहुतेक शहरातच राहायची. एकटा माणूस...”

“तिला जहाजावरून उतरवून विकत घेतली तेव्हा ती चौदा वर्षांची होती,” अर्डेलिया म्हणाली. “आता उठा. मला स्वयंपाक आहे.”

तो उठला. फाटकापर्यंत जाऊन परत वळला. “होती, म्हणालात तुम्ही,” तो हळूच म्हणाला. “मागच्या खेपेला म्हणाला होतात, नव्हती.”

त्या रात्रीपासून तिला जेवण जाईना. तो जाऊन प्रेस्टनला सांगेल, प्रेस्टन जमीन सपाट करायची यंत्रं लवकर आणेल. रोज सकाळी ती नदीकडे कान लावून बसायची, यंत्राचा आवाज येतो का म्हणून.

यंत्र आलं नाही. ऑगस्टमधल्या एका दुपारी हेस्टर गेली. शुद्धीवर होती. अर्डेलियाचा हात तिने दाबून धरला आणि म्हणाली, “मला गावच्या दफनभूमीत टाकलीस तर उठून येईन मी.” नंतर ती झोपली ती झोपलीच.

अर्डेलियाचा भाऊ इझिकेल कोळंबीची होडी चालवायचा. सगळे त्याला झीक म्हणत. तो बहिणीपेक्षा धाकटा, तोंडाने फटकळ. “फाटकाला कुलूप आहे ना?” तो म्हणाला. “नदीला तर कुणी कुलूप लावलेलं नाही. भरती सकाळची आहे. भरतीला होडी थेट ओकांपर्यंत जाते. ओहोटी लागायच्या आत पुरून बाहेर.”

“आणि हुटो?”

“हुटोला कोळंबी फुकट मिळते माझ्याकडून. एवढ्यात गोळी घालायचा नाही.”

सकाळी ते निघाले. पेटी मधोमध, भोवती आठ माणसं, पुढे पाद्रीबुवा, मागे झीक. कुणी गात नव्हतं. गाणी नंतर, असं ठरलं होतं. खाजणातलं गवत पाण्यात बुडालं होतं आणि होडी त्यावरून सरकताना खालून खरखर आवाज येत होता. अर्डेलियाने मांडीवर आईचा कप आणि डोळे जायच्या आधीचा चष्मा घेतला होता, कबरीवर ठेवायला.

ओक दिसायला लागले आणि झीकने इंजिन बंद केलं. काठावर माणसं होती.

पुढे डब हुटो, बंदूक आडवी धरलेली. त्याच्या मागे जीप आणि जीपला टेकलेला प्रेस्टन अ‍ॅव्हरिल, गोरापान, घामाने डबडबलेला. आणि बाजूला, ओकाच्या सावलीत, हातात हॅट घेऊन लडलो.

अर्डेलियाच्या डोक्यात तिडीक गेली. कर्नलचं सांगितलंच तर मेल्याने.

“झीक, होडी वळव,” हुटो ओरडला. “मला लाज आणू नकोस.”

“म्हातारी आहे रे आत, डब,” झीक म्हणाला. “तुझ्या पोराला गोवर झाला तेव्हा तुझ्या घरी सूप घेऊन आली होती ती.”

हुटोने खाली बघितलं. बंदूक मात्र हलली नाही.

प्रेस्टन पुढे आला. “म्हातारी गेल्याचं कळलं तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही इथं येणार. ही खाजगी जमीन आहे. उतरलात तर शेरीफला बोलावतो. चांगलं दफन करा ना तिचं, गावात जागा आहे. इथं कुणाचंही कुणी पुरलेलं नाही.”

अर्डेलिया उठून उभी राहिली. होडी डुलली, पाद्रीबुवांनी तिचा दंड धरला. पाण्याची रेषा काठावरच्या चिखलात हळूहळू खाली सरकायला लागली होती. झीकनेही ती पाहिली. अजून थोडा वेळ गेला की होडी गवतात रुतणार, मग ना पुढे ना मागे, उन्हात पेटी घेऊन.

तिने लडलोकडे बघितलं. तो नकारार्थी मान हलवत होता, जोरजोरात. मग तिला कळलं. तो सांगत होता, मी नाही बोललो. मी काहीच बोललो नाही.

बायना, तिने मनात म्हटलं. जूनो. सिबी. एकेक नाव घेताना तिला वाटलं, हे सगळे ओकाखालून तिच्याकडे बघतायत, पोरगी काय करते म्हणून. आई आता त्यांच्यात येतेच आहे. एकदा इथं पुरलेल्याला कोण बाहेर काढणार?

“मिस्टर प्रेस्टन,” ती म्हणाली. “इथं तुमचा कर्नल आहे.”

प्रेस्टन हसला. “कर्नल चर्चमध्ये आहे, बाई.”

“लडलो अ‍ॅव्हरिलना विचारा चर्चमध्ये काय आहे ते.”

सगळे लडलोकडे वळले. तो पांढरा पडला होता. जन्मभर ज्या माणसांत जेवला, ज्यांच्या बाकावर रविवारी बसला, त्यांच्यातला एक समोर डोळे वटारून उभा होता. “काही नाही,” लडलो म्हणाला. मग मोठ्याने, “दगडाखाली काही नाही, प्रेस्टन. बाबांनी स्वतः बघितलं होतं.”

“उन्हाळा होता,” अर्डेलिया म्हणाली. ती आता थांबू शकत नव्हती. “तापाची साथ. तुमची सगळी गोरी माणसं बायकापोरांसकट शहरात पळाली होती. हा एकटा मळ्यावर राहिला आणि दोन दिवसांत मेला. उन्हात मयत थांबत नाही. पाद्री नाही, नातलग नाही. आमच्याच माणसांनी भट्टीतल्या विटा आणून त्याला पेटी बांधली आणि आपल्यात पुरला. पोरं परतली ती थंडीत. बाप गुलामांच्या रानात पडलाय हे सांगायची त्यांना लाज वाटली. चर्चमध्ये दगड ठोकला, झालं.”

“खोटं आहे,” प्रेस्टन म्हणाला.

“झीक, सळई दे.”

झीककडे चिखलातली कासवं शोधायची लांब लोखंडी सळई असायची. त्याने ती काठावर फेकली. ती हुटोच्या पायाशी पडली. कुणी हललं नाही. मग लडलो पुढे आला, हॅट चिखलात टाकली आणि सळई उचलली.

“कुठे?” त्याने विचारलं.

“मोठ्या ओकाच्या जमिनीकडच्या अंगाला. शिंपल्यांचा पट्टा आहे तिथं. माणसांवर पाय देऊ नका.”

म्हातारा जपून पावलं टाकत गेला. एकदा सळई खुपसली, ती मऊ मातीत हातभर गेली. दुसऱ्यांदाही तेच. प्रेस्टनने श्वास सोडला. तिसऱ्यांदा ठक् असा आवाज आला. कोरडा, घट्ट. लडलोने एक पाऊल सरकून पुन्हा मारली. ठक्. माणसाच्या लांबीइतका तो ठोकत गेला आणि कोपरा आला तिथं आवाज बंद झाला. तो गुडघ्यांवर बसला. हातांनी शिंपले बाजूला करून खणायला लागला. विटेची लाल कड दिसली तेव्हा त्याच्या नखांतून रक्त येत होतं.

डब हुटोने बंदूक खांद्यावर टाकली आणि डोक्यावरची टोपी काढली. ती कर्नलसाठी की हेस्टरसाठी, ते त्याने पुढे कधीच सांगितलं नाही.

“ठीक आहे,” प्रेस्टन शेवटी म्हणाला. “असेल तर आम्ही त्याला घेऊन जाऊ. काढू आणि नेऊ.”

“न्या,” अर्डेलिया म्हणाली. “फक्त न्यायची वाट कुठून ते बघून घ्या. त्याच्या चारी बाजूंनी आमची माणसं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याभोवतीच पुरत आलोय आम्ही. त्याच्यापर्यंत फावडं न्यायचं तर आमच्या एकेकाला उठवावं लागेल. आणि तेव्हा तुम्हाला कोर्टात म्हणता यायचं नाही की इथं गुरं आहेत.”

प्रेस्टन जीपमध्ये बसून निघून गेला. होडी गवताला टेकत होती तेव्हा हुटोने स्वतः पाण्यात उतरून पेटीची एक बाजू धरली. खड्डा खणताना लडलो बाजूला उभा होता. कुणी त्याला बोलावलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. पेटी खाली गेल्यावर बायकांनी सूर धरला आणि मग अर्डेलिया रडली, एवढ्या महिन्यांचं एकदम.

निघताना लडलोने विचारलं, “बायना त्याच्या शेजारी आहे का?”

“नाही. मरताना सांगून गेली, मला त्याच्यापासून लांब ठेवा. मधे ओक आहे.”

त्याने मान खाली घातली. त्यानंतर ‘जिव्हाळा’ हा शब्द त्याने तिच्यासमोर उच्चारला नाही.

जमीन वाचली, पण अर्डेलियाला वाटलं होतं तशी नाही. कोर्टाची पायरी चढावीच लागली नाही. अ‍ॅव्हरिलांच्या तीन म्हाताऱ्या आत्यांना बातमी कळली आणि त्यांनी प्रेस्टनचं जगणं मुश्कील केलं. आपला मूळपुरुष गोल्फवाल्यांच्या बुटांखाली? विक्रीला सह्या त्यांच्याही लागत होत्या, त्यांनी दिल्या नाहीत. कंपनीने दुसरा किनारा बघितला. काळ्या माणसांच्या कबरींबद्दल त्या आत्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या. अर्डेलियाला ते टोचलं, आणि ते टोचणं गेलं नाही.

मग आई म्हणायची तेच झालं. आत्यांनी संगमरवर पाठवला आणि एका कबरीपुरतं कुंपण. अर्डेलिया आणि बारा बायका मजुरांच्या आधी तिथं जाऊन खुर्च्या टाकून बसल्या, डबे घेऊन. दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी लडलो थोरल्या आत्याला, कॉर्नेलियाला, घेऊन आला. तिने खुर्च्या बघितल्या, शिंपले बघितले, हेस्टरचा चष्मा बघितला.

“घालायचं तर सगळ्यांभोवती घाला,” अर्डेलिया म्हणाली. “नाहीतर कुणाभोवतीच नको.”

म्हातारीने लडलोकडे बघून विचारलं, “ही कोण?”

“आपल्यातलीच,” लडलो म्हणाला. “जूनोकडून.”

कॉर्नेलियाचं तोंड उघडं राहिलं. ती गाडीत जाऊन बसली. पण कुंपण सगळ्या रानाभोवती पडलं, आणि फाटकाची एक किल्ली हुटोने अर्डेलियाच्या दुकानात आणून दिली.

लडलोचं पुस्तक पुढल्या वर्षी निघालं. त्यात कर्नलच्या मुलांमध्ये जूनोचं नाव होतं, आणि तिच्याखाली हेस्टर, अर्डेलियापर्यंत सगळे. बायनाबद्दलचं वाक्य अर्डेलियाने त्याच्याकडून चारदा बदलून घेतलं. शेवटी त्यात एवढंच उरलं की तिला चौदाव्या वर्षी विकत घेतलं आणि तिला कुणी काही विचारलं नाही. बऱ्याच अ‍ॅव्हरिलांनी प्रती टपालाने परत पाठवल्या. चर्चमध्ये लडलोच्या बाकावर बसायला माणूस मिळेना. तो मग कधीकधी रविवारी अर्डेलियाच्या पडवीत येऊन बसायचा. ती त्याला भात आणि भेंडीचं कालवण वाढायची. मैत्री म्हणावी असं त्यांच्यात काही नव्हतं. दोघं बहुतेक वेळ भांडायचे, तारखांवरून.

मरेपर्यंत तो तिला मिसेस मंगिनच म्हणाला. ती त्याला लडलो म्हणायची.